भाऊसाहेबांच्या डाव्या गालाची फाईल

भाऊसाहेबांच्या गालावर डाग होता असं म्हणणं म्हणजे त्या डागाचा अपमान आहे. खरी परिस्थिती अशी होती की एक डाग होता आणि त्याच्या दिमतीला भाऊसाहेब नेमलेले होते. डावा गाल, डोळ्याखाली दोन बोटं, शर्टाच्या बटणाएवढा, तपकिरी, गोल. गेली सत्तावीस वर्षं भाऊसाहेबांचा पक्का समज होता की आपण रस्त्यानं चालायला लागलो की लोक हातातली कामं टाकून आपला डावा गाल बघत उभे राहतात.

त्यामुळे त्यांनी सगळा संसार डागाच्या सोयीनं लावून घेतला होता. ओळखपत्र कार्यालयात त्यांनी एक नंबरची खिडकी मागून घेतली, कारण तिच्या डाव्या अंगाला भिंत होती. समोरच्या अर्जदारांसाठी त्यांनी एक खास बैठक तयार केली होती: डावा तळवा गालावर, नजर कागदावर, जणू काही माणूस फार खोल विचारात आहे. बसमध्ये ते डावीकडच्या खिडकीपाशीच बसत, ती जागा नसेल तर पुढच्या बसची वाट बघत. आणि फोटो काढायच्या ऐन क्षणी त्यांना डाव्या बाजूला काहीतरी अतिमहत्त्वाचं दिसत असे. घरातल्या दोन्ही अल्बमांत ते चौकटीबाहेर बघतायत. पाहुण्यांनी विचारलं, "हे बघतायत तरी कुणाकडे?" तर त्यांची बायको शांतपणे सांगे, "भविष्याकडे."

आता भाऊसाहेबांचं काम समजून घेणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्या कामातूनच उगवला. ओळखपत्र दहा वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. जुन्या कार्डावर फोटो असतो, सही असते आणि 'ओळखीची खूण' नावाचा एक रकाना असतो. कपाळावर व्रण, हनुवटीवर तीळ, असं काहीतरी. अर्जदाराची खूण जागेवर आहे का, हे बघून शिक्का मारायचा, एवढंच भाऊसाहेबांचं काम. पण माणसं फार बेशिस्त. दहा वर्षांत कुणाचा व्रण बुजतो, कुणाचा तीळ दाढीत हरवतो. यावर उपाय म्हणून भाऊसाहेबांनी स्वतःच एक नियम रचला, सुवाच्य अक्षरात पुठ्ठ्यावर लिहिला आणि काचेवर चिकटवला:

'खूण जागेवर नसल्यास अर्ज स्वीकारला जाणार नाही. खूण पूर्वी पाहिलेला एक साक्षीदार आणावा. साक्षीदार नातेवाईक नसावा व त्याच्याकडे चालू ओळखपत्र असावे. साहेबांच्या आज्ञेवरून.'

साहेबांनी अशी काही आज्ञा दिली होती, हे साहेबांना तो पुठ्ठा वाचल्यावर कळलं. पण अक्षर इतकं सुंदर होतं की त्यांनी तो राहू दिला.

तर अशा या भाऊसाहेबांना बढती मिळायची वेळ आली. चार महिन्यांनी, एक तारखेला, मुख्य तपासनीस निवृत्त होणार आणि ती खुर्ची यांची. खुर्चीबरोबर एक चौकटही मिळत असे. कार्यालयाच्या बोळात आजवरचे सात मुख्य तपासनीस ओळीनं टांगलेले होते, सातही जण समोर बघणारे, दोन्ही कान दिसणारे. भाऊसाहेब त्या बोळातून जाताना सातव्या चौकटीशेजारच्या मोकळ्या भिंतीपाशी थबकले. आठवी चौकट. समोरून. दोन्ही कान. आणि दोन्ही कान दिसायचे म्हणजे मधले दोन्ही गालही आलेच.

त्या संध्याकाळी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मुलीच्या खोलीचं दार ठोठावून आत जायची परवानगी मागितली.

मुलगी दहावीत. इमारतीत तिला सगळे 'सीरमताई' म्हणत, आणि तिला त्याचा अभिमान होता. मागच्या वर्षापर्यंत ती गालांवरच्या मुरुमांच्या डागांपायी केसांचे पडदे सोडून चालायची आणि भिंतींना धडकायची. मग तिनं वाचलं, वहीत टिपलं, एका वेळी सीरमची एकच बाटली घेतली, आणि आठ महिन्यांत तीन चतुर्थांश डाग फिके केले. उरलेल्या एक चतुर्थांशाकडे तिचं लक्षच जाईनासं झालं, आणि हे औषध कुठल्याही बाटलीत मिळत नाही. आता ती केस घट्ट वर बांधायची आणि वर्गात उत्तर येत नसलेल्या प्रश्नालाही हात वर करायची.

तिनं वडलांना खुर्चीत बसवलं, टेबलावरचा दिवा गालावर फिरवला आणि आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डाग पाहिला, निरुपद्रवी आहे म्हणाले, घालवायचा तर घालवा, नाहीतर राहू द्या. 'राहू द्या' हा पर्याय भाऊसाहेबांनी ऐकलाच नाही.

मग सीरमताईनं भिंतीवर तक्ता लावला. सकाळी व्हिटॅमिन सी आणि त्यावर सनस्क्रीन. रात्री एक दिवस अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, एक दिवस ग्लायकोलिक, तिसऱ्या दिवशी नुसतं मॉइश्चरायझर. तिनं बजावून सांगितलं की आपण गोरं होण्यासाठी हे करत नाही आहोत, फक्त एका जागचा रंग बाकीच्या गावाशी जुळवून घेतोय, आणि याला तीन-चार महिने लागतात. भाऊसाहेबांनी तक्त्याखाली सही केली. त्यांना सही केल्याशिवाय काही पटत नसे.

पहिल्याच सकाळी त्यांनी सनस्क्रीन इतकं लावलं की ते पांढऱ्याफटक चेहऱ्यानं ऑफिसात पोचले तेव्हा साहेबांनी उठून त्यांना खुर्ची दिली आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं हळू आवाजात विचारलं. शेजारच्या दोन नंबर खिडकीच्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. भाऊसाहेबांनी तो प्यायला, कारण नाही म्हटलं असतं तर चेहऱ्याचा खुलासा करावा लागला असता.

बातमी इमारतीत पसरायला दोन दिवस पुरले. वरच्या मजल्यावरच्या मावशी खाली आल्या आणि या बाटल्यांच्या नादी लागू नका, बटाट्याची चकती फिरवा म्हणाल्या. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी जिन्यात गाठून लिंबू सुचवलं, आणि लिंबानं त्यांच्या स्वयंपाकघरातला ओटा कसा लखलखतो, ते वर नेऊन दाखवलं. भाऊसाहेबांनी ओट्याचं कौतुक केलं. मुलीनं रात्री निक्षून सांगितलं की गाल म्हणजे ओटा नव्हे, आणि ज्यांचा सल्ला घ्यायचा त्यांचा आधी गाल बघायचा.

इथवर सगळं तक्त्याप्रमाणे चाललं होतं. पण कारकुनी रक्त स्वस्थ बसू देईना. औषधाच्या तीन बाटल्या, एक सकाळी, दोन रात्री, त्याही वेगवेगळ्या दिवशी: हे बघून भाऊसाहेबांना खिडकी-खिडकी हिंडणाऱ्या अर्जदाराची आठवण झाली. त्यांच्या कार्यालयात मागच्या वर्षीच अर्जदाराची सगळी कामं एकाच खिडकीवर आणली होती आणि साहेबांना त्याबद्दल शाबासकी मिळाली होती. एका रविवारी घरात कुणी नसताना त्यांनी एक रिकामी बाटली धुतली, तिन्ही औषधं तिच्यात ओतली, हलवली, आणि वर कागदाची चिठ्ठी चिकटवली: 'एकत्रित'.

सोमवारी त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. बुधवारी त्याची सालं निघू लागली. एका अर्जावर शिक्का मारताना त्यांच्या नाकाचा एक पापुद्रा अलगद तरंगत शाईच्या पॅडवर उतरला, आणि तो अर्ज ज्यांचा होता त्या बाई चपला वाजवत तीन नंबरच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. तीन नंबरला बसणारे गृहस्थ, ज्यांना कार्यालय 'डुलकी' म्हणत असे, ते त्या आवाजानं जागे झाले. सेवाज्येष्ठतेत भाऊसाहेबांच्या खालोखाल हाच माणूस होता, हे लक्षात ठेवा.

सीरमताईनं ती 'एकत्रित' बाटली नाकाशी धरली आणि झाकण घट्ट लावून बाजूला ठेवली. वडलांवर रागवायची तिची ही पहिलीच वेळ, त्यामुळे सुरुवात कशी करायची हे तिला सुचत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुमच्या ऑफिसात कुणी तिन्ही अर्ज एकत्र फाडून, कालवून दिले तर तुम्ही घ्याल का?"

भाऊसाहेबांना हे उदाहरण फार लागलं. तीन आठवडे नुसतं मॉइश्चरायझर, अशी शिक्षा त्यांनी मान खाली घालून भोगली.

चेहरा पूर्ववत झाला, तक्ता पुन्हा सुरू झाला, आणि आता डाग खरंच फिका पडू लागला. पण एक तारीख जवळ येत होती. भाऊसाहेबांनी मनातल्या मनात डागाच्या फाईलवर 'तातडीचे' असा शेरा मारला आणि मुलीच्या नकळत काडीच्या टोकानं नेमकं डागावरच दिवसातून तीनदा औषध लावायला सुरुवात केली. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या मागे, एक ट्यूब मुक्कामाला आली.

आणि बढतीच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, डाग गेला. भाऊसाहेबांनी आरशात बघितलं, चष्मा काढून बघितलं, बायकोला बोलावून बघायला लावलं. बायकोनं गाल निरखला. "गेला खरा," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "मला आवडायचा." हे वाक्य सत्तावीस वर्षं कुठं होतं, असं विचारायचं भाऊसाहेबांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांना ऑफिसला उशीर होत होता.

ऑफिसात साहेबांनी बोलावून अभिनंदन केलं आणि सहज विचारलं की पदभार घ्यायला चालू ओळखपत्राची प्रत लागते, ती जोडली आहे ना. भाऊसाहेबांनी खिशातून कार्ड काढलं. मुदत: या महिन्याची तीस तारीख. म्हणजे शुक्रवार. पदभार शनिवारी.

काही हरकत नव्हती, एका दिवसाचं काम. भाऊसाहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कारण स्वतःचा अर्ज स्वतः तपासणं नियमात बसत नाही, आणि अर्ज भरून ते लोकांच्या बाजूनं दोन नंबरच्या खिडकीवर गेले. बाईंनी कार्ड घेतलं आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचलं: ओळखीची खूण, डाव्या गालावर तपकिरी डाग.

मग त्यांनी मान वर केली.

त्या बाईंना भाऊसाहेबांनीच अकरा वर्षांपूर्वी काम शिकवलं होतं, आणि फार उत्तम शिकवलं होतं. त्या बराच वेळ गाल बघत राहिल्या. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. मग त्यांनी बोट उचलून शेजारच्या काचेवरचा पुठ्ठा दाखवला.

"मी कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"मला माहीत आहे, भाऊसाहेब. कागदाला माहीत नाही. हे वाक्य तुमचंच आहे."

जुना फोटो बघू म्हटलं तर त्यात भाऊसाहेब भविष्याकडे बघत होते, आणि दिसला असता तेवढा गाल गोल शिक्क्याखाली गेला होता. तो शिक्काही त्यांनीच सांगून नेमका तिथं मारून घेतलेला. बुधवारी डॉक्टरांकडे गेले, तर केसपेपरवर एवढंच होतं: 'चेहऱ्यावर डाग, निरुपद्रवी.' कुठला गाल, हे डॉक्टरांना आठवेना. आठवत नसलेलं लिहून देत नाही, असं ते नम्रपणे म्हणाले. बायको साक्ष द्यायला एका पायावर तयार होती, पण ती नातेवाईक. आणि बाई स्वतः तपासणाऱ्या, त्यांना साक्षीदार होता येत नव्हतं.

हरकत नाही, भाऊसाहेबांनी स्वतःची समजूत घातली. जो डाग सगळ्या जगानं डोळे फाडून पाहिला, त्याला एक साक्षीदार मिळणार नाही?

वरच्या मावशींनी डोळे मिटून आठवलं आणि डाग कपाळावर होता असं ठासून सांगितलं. बटाटा तिथेच लावायला सांगितला होता, त्या म्हणाल्या. तळमजल्यावरच्या गृहस्थांना डाग आठवेना, पण भाऊसाहेबांची मिशी मात्र आठवत होती, आणि ती कधी काढली, असं त्यांनी विचारलं. भाऊसाहेबांना मिशी कधीच नव्हती. साहेबांना वाटत होतं की तो डाग नसून भाऊसाहेब सारखा गाल टेकून बसत त्याचा वळ होता. डुलकी म्हणाले की आपण तर त्यांना नेहमी मागूनच पाहिलंय, आणि हे सांगताना ते पूर्ण जागे होते, ही काळजी करण्यासारखी गोष्ट होती.

बुधवारी संध्याकाळी भाऊसाहेब घरी येऊन खुर्चीत बसले. बढती जायची भीती होतीच. पण त्याहून विचित्र काहीतरी त्यांना टोचत होतं. सत्तावीस वर्षं उन्हातान्हात बसेस सोडल्या, मान अवघडून घेतली, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत भिंतीकडे बघितलं, आणि ते सगळं कुणापासून लपवलं? कुणी बघतच नव्हतं.

"मला पण असंच वाटायचं," सीरमताई म्हणाली. "की सगळी शाळा माझे गाल मोजतेय. मग मी एकदा मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, कुठले डाग? ती बिचारी वर्षभर स्वतःच्या दातांवरून हात काढत नव्हती. माझं लक्षच नव्हतं."

 गुरुवारी सकाळी भाऊसाहेब बसमध्ये उजवीकडे बसले.

त्या दिवशीही त्यांनी रजा टाकली होती, आणि दोन नंबरच्या रांगेत त्यांचा नंबर सहावा होता. आता काय सांगायचं हे त्यांना सुचलं नव्हतं, नुसतंच उभं राहायचं ठरवून ते आले होते. मागं उभ्या असलेल्या माणसानं खांद्यावर हळूच थापटलं. गळ्यात मोजपट्टी, शर्टाला चिकटलेले दोरे.

"आज इकडच्या बाजूला, भाऊसाहेब?" शिंपी म्हणाला. आणि मग मान पुढे करून, जवळून, "डाग कुठं गेला?"

भाऊसाहेब अर्जासकट गर्रकन मागं वळले. त्यांनी विचारलं, कुठला डाग. त्यांना ऐकायचं होतं.

"डावा गाल, डोळ्याखाली दोन बोटं. चार भोकांच्या बटणाएवढा, तपकिरी. वरच्या अंगाला जरासा चपटा. तुमचा हात झाकायला असतो, पण शिक्का मारताना तो उचलावा लागतो." शिंप्यानं हे सगळं एका दमात सांगितलं. "चार वेळा उभा राहिलोय तुमच्यासमोर, दर वेळी दोन-दोन तास. तुम्ही मान वर करत नाही. मग माणसानं बघायचं तरी कुठं?"

भाऊसाहेबांनी त्याचा हात धरून त्याला रांगेतून पुढे नेलं आणि बाईंना सांगितलं की साक्षीदार मिळाला. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी शिंप्याकडे चालू ओळखपत्र मागितलं.

शिंप्याकडे ते नव्हतं. त्यासाठीच तर तो पाचव्यांदा आला होता. त्याच्या कार्डावर 'उजव्या तर्जनीवर सुईचे व्रण' अशी खूण होती. बोटाला अंगुस्तान घालायला लागल्यापासून सुई टोचायची थांबली, आणि व्रण बुजले. अर्ज अडकला होता. अर्जावर शेरा होता: 'खूण आढळत नाही.' अक्षर सुंदर होतं.

बाईंनी सांगितलं की शेरा ज्यानं मारला त्यालाच काढता येतो, आणि कामावर असतानाच. म्हणून भाऊसाहेबांनी साहेबांच्या टेबलाशी जाऊन रजा रद्द केली, वळसा घालून आत येऊन एक नंबरची खिडकी उघडली आणि शिंप्याला समोर बोलावलं. सवयीनं त्यांचा डावा हात गालाकडे गेला. तिथं झाकण्यासारखं काही नव्हतं. हात मग नुसताच टेबलावर बसला, आणि करायला दुसरं काही न उरल्यामुळे भाऊसाहेबांनी मान वर केली आणि अर्जदाराचे हात बघितले.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीनं पडलेला घट्टा होता. अक्रोडाएवढा, पिवळट, टणक. पन्नास पावलांवरून दिसला असता.

"हा कधीपासून आहे?"

"वीस वर्षं," शिंपी म्हणाला. "चारही वेळा याच हातानं अर्ज दिला की."

वीस वर्षांचा घट्टा हाच साक्षीदार धरून भाऊसाहेबांनी शेरा खोडला, स्वतःच्या सुंदर अक्षरात 'उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा' असं लिहिलं आणि शिक्का मारला. मग त्यांनी खिडकी बंद केली, पुन्हा रजेचा अर्ज दिला, आणि ते वळसा घालून बाहेर येऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले. शिंपी ताजं, अजून गरम असलेलं कार्ड हातात धरून त्यांच्या पुढे उभा होता. साक्ष झाली. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि मग पेन रकान्यावर टेकवून थांबल्या, कारण नव्या कार्डाला नवी खूण लागते. भाऊसाहेबांनी हात उलटेपालटे करून बघितले. अंगावर दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच ते निष्कलंक होते, आणि तेच नडत होतं.

"आहे की," शिंपी म्हणाला, आणि त्यांना उजेडाकडे वळवलं. डागाच्या जागी, बाकीच्या गालाहून फिका, बटणाएवढा एक गोल होता. काडीच्या टोकानं दिवसातून तीनदा केलेल्या तातडीच्या कारवाईचं फळ. बाईंनी लिहिलं: 'डाव्या गालावर फिकट गोल.' मग फोटो. दोन्ही कान दिसले.

घरी सीरमताईनं कार्ड वाचलं आणि कपाळाला हात लावला. तक्ता सोडून वागलं की असं होतं, ती म्हणाली, पण घाबरू नका, सनस्क्रीन लावत राहा, तीन-चार महिन्यांत हाही गोल आजूबाजूच्या रंगात मिसळून जाईल. भाऊसाहेबांनी कार्डावरची मुदत बघितली. दहा वर्षं.

पण ते घाबरले नाहीत. शुक्रवारी त्यांनी काचेवरचा पुठ्ठा उतरवून घेतला, आणि संध्याकाळी पदभाराच्या शर्टाचं माप द्यायला शिंप्याकडे गेले. शिंप्यानं छाती मोजली, बाही मोजली, गळा मोजला, मग पट्टी उचलून हलकेच त्यांच्या गालाला लावली आणि जाडजूड वहीत सगळं एकाखाली एक लिहून घेतलं. भाऊसाहेबांनी वाकून वाचलं. छाती अडतीस. बाही साडेतेवीस. गळा पंधरा. डावा गाल, एक बटण.